चौघांत मीच कमी

तिने पंखा बंद केला, रेकॉर्डरचा लाल दिवा लागलाय का ते पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून बसली. समोर खांबकाका आपले गुडघे कुठे ठेवावेत या विवंचनेत होते. विद्यापीठातल्या तिच्या विभागातली ही खोली मुलाखतींसाठी राखलेली होती आणि तिच्यातलं टेबल विद्यार्थ्यांच्या मापाचं होतं. साठी ओलांडलेल्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाचा विचार करून ते कुणी बनवलं नव्हतं.

"पंखा कशाला बंद केलास? घाम फोडून कबूल करून घेणार आहेस की काय?"

"रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो त्याचा."

"बरं बाई झाकण, विचार."

हॉस्टेलच्या एका खोलीतले चौघं. कॉलेज संपून एक जन्म गेला तरी ते दर शनिवारी एकत्र प्यायला बसत आणि एकमेकांना टोपणनावांनीच हाक मारत आले होते. उंच तो खांब. पुढे जे झाले त्यावरून एक वकील आणि एक मास्तर. आणि तिचे बाबा टाकी. कितीही ओता, भरत नाही म्हणून टाकी. ती जन्मली तेव्हा तिघं हॉस्पिटलात येऊन म्हणाले होते, चला, टाकीला झाकण मिळालं. लहानपणी तिला ते नाव आवडायचं. दोन महिन्यांपूर्वी अंत्यविधी आटोपून सगळे फाटकाशी उभे असताना मास्तरकाका तिच्या डोक्यावर हात ठेवून "आपली टाकी गेली गं," असं म्हणाले, तेव्हा तिच्या हातातली पाण्याची प्लास्टिकची बाटली चेपून पार चपटी झाली होती.

"तुमच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल विचारायचंय, माझ्या कामासाठी," असं तिने तिघांनाही सांगितलं होतं. त्यात अर्धं खरं होतं.

तिचं काम ठिपक्यांचं होतं. संगणकाच्या पडद्यावर एक हॉस्टेल, चार-चार ठिपक्यांच्या खोल्या. एक ठिपका म्हणजे एक विद्यार्थी. न पिणारा पांढरा, आणि जितका जास्त पिणारा तितका गडद. दर आठवड्याला प्रत्येक ठिपका आपल्या मित्रांकडे बघायचा, ते किती पितात ते पाहायचा आणि त्या मानाने स्वतःचं थोडं वाढवायचा किंवा कमी करायचा. असे आठवड्यामागून आठवडे संगणक क्षणात पळवायचा. मुलं मित्रांमुळे पितात, की पिणारी मुलंच एकमेकांना शोधून काढतात, हे कॉलेजांना जाणून घ्यायचं होतं. खऱ्या हॉस्टेलांमध्ये जाऊन खऱ्या मुलांना प्रश्न विचारून आणलेली उत्तरं एका बाजूला आणि पडद्यावरचे ठिपके दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळली की मॉडेल बरोबर.

जवळजवळ जुळत होतं. फक्त सर्वेक्षणात काही मुलं अशी होती की ती आपल्या एकूण एक मित्रांपेक्षा कितीतरी जास्त पीत होती. पडद्यावर असा ठिपका कधीच तयार व्हायचा नाही. एकमेकांकडे बघून चालणारे ठिपके शेवटी एकाच रंगाचे व्हायचे. "असे चुकार सगळीकडेच असतात, वगळून टाक," असं तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या आणि तिने वगळले होते.

मॅडमना जे सांगितलं नव्हतं ते असं: बाबा गेल्यानंतर तिने पडद्यावर एक वेगळी खोली केली होती. चार ठिपके. तीन मित्रांपैकी एकेकाला आळीपाळीने सुरुवातीलाच काळं करून ती बघत बसायची, की टाकीला कोण काळं करतं. खरं तर बघत नव्हती, ती गुन्हेगार शोधत होती. पण दर वेळी चारही ठिपके बरोबरीने गडद होत जायचे आणि एका रंगावर थांबायचे. तिघांनी बापाला आपल्यासारखं केलं, इथवर ठीक होतं. पण मग त्याच रंगाचे तिघं धडधाकट कसे? सकाळी फिरायला जातात, टेनिस बघतात, जिने चढतात. सारखीच दारू, सारखीच वर्षं. यकृत एकाचंच का गेलं?

"बाबांच्या हातात पहिला ग्लास कुणी दिला?" तिने विचारलं.

"वकिलाने. आणखी कोण? त्याच्या मामाचं दारूचं दुकान होतं ना. सुट्टीहून आला की त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि बाटल्या जास्त."

"आता शनिवारी तुम्ही किती घेता?"

ही प्रश्नावलीतली नेहमीची ओळ होती. खांबकाकांनी रेकॉर्डरकडे पाहिलं.

"हे त्या दोघांना कळणार नाही ना?"

"या खोलीतलं या खोलीतच राहतं. म्हणून तर एकेकट्याला बोलावते. एकत्र विचारलं की माणसं एकमेकांची तोंडं बघून उत्तर देतात."

"नक्की?"

"सही करून दिलीय की तुम्हाला."

त्यांनी गुडघे एकदा या बाजूला घेतले, एकदा त्या बाजूला. मग म्हणाले, "मी घेतच नाही."

तिने कागदावर शून्य लिहिलं.

"बरीच वर्षं झाली. स्वादुपिंडाला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, आता एक घोट जरी घेतलात तर माझ्याकडे येऊ नका, परस्पर वरच जा." ते हसले. "मी माझी बाटली घरून नेतो, ठाऊक आहे ना? खांबाला स्वतःचाच ब्रँड लागतो म्हणून चिडवतात सगळे. कोरा चहा असतो त्यात. गार करून."

"सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? ते तिघं पीत बसलेत आणि मी एकटा चहा घेऊन? सगळ्या रंगाचा बेरंग. आठवड्यातून एकदा भेटायचं आणि त्यात आपल्या पोटाचं रडगाणं लावायचं. मग ते तरी मोकळेपणाने घेतील का?"

तिने पुढची ओळ वाचली. डोळे कागदावर ठेवूनच वाचली. "तुमच्या मते तुमचे मित्र किती घेतात?"

"भरपूर! वकील तर विचारू नकोस. मास्तर दिसतो गरीब, पण त्याचा ग्लास कधी भरलेला राहिलेला पाहिला नाही मी. आणि टाकी..." ते अडखळले. "टाकी आमच्या बरोबरीनेच घ्यायचा, पोरी. जास्त नाही. अगदी बरोबरीने."

*

मास्तरकाका दुसऱ्या दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, निवृत्त होऊनही सुटलेलं नाही असं. पहिला ग्लास खांबाने दिला, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. मग नेहमीची ओळ आली आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कधीच नाही. तोंडात घेतली होती पहिल्या वर्षी, गिळताच येईना. औषधासारखी वास मारत होती. पण तिघांच्या देखत थुंकणार कशी?"

"मग?"

"मी सारखा बाथरूमला उठतो ना? मास्तरची टाकी छोटी, म्हणून हसतात. ग्लास हातातच असतो माझ्या. बेसिनमध्ये ओततो आणि येतो." ते स्वतःशीच ओशाळून हसले. "वकील हल्ली चांगली महागातली आणतो. ओतताना जिवावर येतं अगदी."

"बाबांना माहीत होतं?"

"छे छे! त्याला किती लागलं असतं. किती प्रेमाने भरायचा माझा ग्लास. रिकामा दिसला रे दिसला की टाकी उठायचा, माझा भरायचा, आणि मला एकट्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मग आपलाही."

तिच्या हातातलं पेन कागदातून आरपार गेलं होतं. तिने ते हळूच बाहेर काढलं.

"काका, शाळेत तुम्ही दर वर्षी मुलांना भाषण द्यायचात ना? व्यसनावर?"

"अजून बोलावतात!" त्यांचा चेहरा उजळला. "मित्र करतात म्हणून करू नका. या एकाच वाक्यावर अर्धा तास बोलतो. मुलं टाळ्या वाजवतात."

*

वकीलकाकांच्या वेळी ती पंखा बंद करायला विसरली. नंतर तिने ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा सगळं वाऱ्यात बोलल्यासारखं येत होतं, पण ऐकण्यासारखं त्यात नवीन काही नव्हतंच. पहिला ग्लास म्हणे मास्तरने दिला होता. आणि वकीलकाका स्वतः, नात मागच्या सीटवर झोपलेली असताना पिऊन चालवलेली गाडी दुभाजकावर चढली त्या दिवसापासून, स्वयंपाकघरात जाऊन आपल्या ग्लासात सफरचंदाचा रस भरत होते. यजमान तेच, बहुतेकदा भरणारे तेच, त्यामुळे सोपं पडत होतं.

"ओरखडा उठला नाही गं पोरीला. पण आठवडाभर मी गाडीची किल्ली हातात घेतली नाही." ते वकिली सवयीने बोट वर करून म्हणाले, "आणि हे बघ, त्या दोघांना यातलं अक्षर कळता कामा नये. पितात बिचारे माझ्याकडे येऊन विश्वासाने. त्यांना उगाच चोरट्यासारखं वाटेल."

"बाबांचा ग्लास कसा भरायचात?"

"टाकीचा? मोठा. त्याला आवडायचं ना."

तिने रेकॉर्डर बंद केला.

"संपलं? अजून प्रश्न दिसतायत की कागदावर."

"नाहीत."

"मग ऐक. शनिवारी संध्याकाळी ये. त्याची खुर्ची तशीच ठेवलीय आम्ही. त्याच्या नावाने सगळ्यांनी एकेक ग्लास घ्यायचा असं ठरवलंय. झाकणाशिवाय टाकीचा निरोप कसा व्हायचा?"

ती काहीतरी बोलली असावी, कारण ते तिच्या खांद्यावर थोपटून गेले. ती त्या छोट्या टेबलाशी बसून राहिली. कागदाला पडलेल्या भोकातून टेबलाचा भुरा रंग दिसत होता.

*

आई पलंगावर बाबांच्या औषधांच्या डब्या पुढ्यात घेऊन बसली होती. मुदत संपलेल्या एका पिशवीत, उरलेल्या दुसरीत.

"सापडलं?" तिने मान वर न करता विचारलं. लेक काय शोधतेय हे आईला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय?"

"मला नको शिकवूस. कुणी लावली त्यांना?"

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे? बाटली काय आपल्या पायांनी चालत आली?" आईने एक डबी पिशवीत टाकली. टाकली कसली, आपटली. "जन्मभर एकच पालुपद ऐकलं मी. चौघांत मीच कमी घेतो. मी बोलले की ते. तू बोललीस की ते. डॉक्टरांनी विचारलं, किती घेता, तर त्यांनाही तेच. मित्रांच्या मानाने काहीच नाही हो. आणि खरं वाटायचं त्यांना. मनापासून खरं वाटायचं."

"हो."

"रिपोर्ट आला तेव्हा म्हणाले, त्यांना सांगू नकोस. मग ते माझ्यासमोर घ्यायला संकोचतील. त्यांचा शनिवार कशाला खराब करायचा." आईने पिशवीला गाठ मारली. "असे मित्र होते ते. आणि त्या तिघांतल्या एकाला तरी म्हणावंसं वाटलं का, की बाबा रे, बस कर?"

ती स्वयंपाकघरात गेली. दुधाचं पातेलं बेसिनमध्ये होतं. ते तिने घासलं, विसळलं, आणि पुन्हा घासायला घेतलं.

"अगं पातेलं झिजेल," आई आतून ओरडली. "काय झालंय?"

सांगता येत नव्हतं. सही केलेली होती.

*

मॉडेलमधला बदल एकाच ओळीचा होता. आधी लिहिलं होतं, ठिपका आपला मित्र किती पितो ते बघेल. आता तिने लिहिलं, मित्राचा ग्लास कितीदा रिकामा झाला ते बघेल. आणि काही ठिपक्यांना तिने ग्लास दिला, दारू दिली नाही; ग्लास इतरांच्या बरोबरीने रिकामा होणार, ठिपका पांढराच राहणार.

पडद्यावरचे आठवडे पळू लागले. बहुतेक खोल्या पूर्वीसारख्याच झाल्या. पण इथे एका खोलीत, तिथे एका खोलीत, तीन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधोमध एक ठिपका गडद होत गेला. थांबला नाही. त्याला थांबवेल असा रंग त्याला कुठे दिसतच नव्हता.

"थांब, थांब." मॅडम हातात चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. "हे तर आपले वगळलेले! परत आण बरं त्यांना. सर्वेक्षणाशी लावून बघ."

तिने लावून पाहिलं. बसलं. इतकं नीट बसलं की मॅडमनी कप दुसऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि विसरून गेल्या.

"कुठून सुचलं तुला हे?"

"घरून."

"याचा सुंदर शोधनिबंध होईल. इतके दिवस चुकार म्हणून टाकत होतो आपण त्यांना. चुकार कसले, खोलीत सगळ्यांत प्रामाणिक पोरगं तेच."

ती पडद्याकडे बघत होती. "मॅडम, सर्वेक्षणातल्या त्या मुलांना कुणी सांगणार का?"

"काय सांगणार?"

"की तुझ्या खोलीतले बाकीचे पीत नाहीत."

"अगं, कसं सांगता येईल? त्यांनी आपल्याला विश्वासाने सांगितलंय. गुप्ततेची सही आहे आपली." मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू जरा विश्रांती घे. खूप ताणलंयस स्वतःला. ठिपके आहेत ते."

"ते ठिपके नाहीत," ती म्हणाली. आवाज चढला तशी पलीकडच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. मॅडमनी हात काढून घेतला. तिने संगणक बंद केला, पडदा काळा झाला, आणि त्यात दोघी दिसू लागल्या.

*

शनिवारी उन्हं उतरायच्या आत ती वकीलकाकांच्या बाहेरच्या खोलीत होती. कायद्याच्या पुस्तकांची कपाटं, मधे बुटकं टेबल, चार खुर्च्या. बाबांच्या खुर्चीच्या हातावर गोल ग्लासाचे डाग पडलेले होते, एकात एक अडकलेले. समोर त्यांचा जाड बुडाचा ग्लास पुसून ठेवला होता. खारे शेंगदाणे होते, पाण्याने भरलेला काचेचा जग होता.

"आलं का झाकण!" खांबकाका म्हणाले. त्यांची बाटली पिशवीतून अर्धी बाहेर डोकावत होती.

वकीलकाका उठले. "चला, मी भरून आणतो."

"तुम्ही बसा, काका. आज मी भरते."

"अगं, तू कशाला..."

ती आत पोचलीसुद्धा होती. नवी बाटली ओट्यावर होती. फ्रिजच्या दारात, सॉसच्या मागे, सफरचंदाच्या रसाचं खोकं होतं. तिने ते पाहिलं आणि दार लावून टाकलं. बाटली आणि तीन रिकामे ग्लास घेऊन ती बाहेर आली आणि सगळ्यांच्या समोर, टेबलावर, भरायला लागली. वकीलकाकांचा आधी. मोठा.

"अरे वा, बापाचा हात आलाय पोरीला," मास्तरकाका म्हणाले.

"मला माझीच लागते गं," खांबकाका पिशवीकडे वाकले.

"आज एकाच बाटलीतली, काका. बाबांच्या नावाने."

"हो रे खांबा, आज तरी नखरे नकोत," वकीलकाका म्हणाले. म्हणताना ते आपल्या ग्लासाकडे बघत होते.

मास्तरकाका उठू लागले. "मी जरा जाऊन..."

"आधी हे घ्या. मग जा."

ते बसले. तिने त्यांच्या हातात ग्लास दिला आणि त्यांची बोटं काचेभोवती नीट बसेपर्यंत आपला हात काढला नाही. सगळं तिने जिना चढतानाच ठरवलं होतं. दिलेला शब्द मोडायचा नाही. फक्त एकदा, एकदाच, त्यांना बरोबरीने प्यायला लावायचं.

तिघांनी ग्लास उचलले.

"टाकीच्या नावाने," वकीलकाका म्हणाले.

मास्तर वकिलाच्या ग्लासाकडे बघत होते. वकील खांबाच्या. खांब मास्तरच्या. प्रत्येकाला इतर दोघांचे हात सरळ, सवयीने तोंडाकडे जाताना दिसत होते, आणि प्रत्येकाचा हात त्या दोन हातांच्या मागून चालला होता. हेच ते. पडद्यावर तिने शेकडो वेळा पाहिलेलं. काच खांबकाकांच्या ओठाला लागली. त्यांनी डोळे मिटले. त्या उंच माणसाची मान एखाद्या लहान मुलाने औषधाला पुढे करावी तशी पुढे झाली.

तिने जग उचलला. बाबांचा ग्लास वर धरला आणि उंचावरून धार सोडली. खोलीभर आवाज झाला.

"माझ्यात पाणी आहे," ती म्हणाली.

गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाली. तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"पाणी. दिसतंय ना सगळ्यांना?"

ग्लास जिथे होते तिथेच राहिले, ना आत ना खाली. एखादा शब्द तिला अजून सहज बोलता आला असता, प्रेमाचा किंवा रागाचा. जग तिने टेबलाच्या मधोमध, तिघांच्याही हाताला येईल असा ठेवला. मग त्या डागाळलेल्या हाताच्या खुर्चीत बसून ती पाणी प्यायली, सावकाश, तळापर्यंत. आणि रिकामा ग्लास हातात धरून, पहिला कोण खाली ठेवतो ते बघत राहिली.